रेनेसान्स वास्तुकलेतल्या भूमितीवर संशोधन करून आयुष्य काढता येईल का? गणित किती लागतं?

तुम्ही बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि गणिताची धास्ती वाटते असं लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगतो. गणित शाळेतलं पुरतं. इटालियन मात्र पक्कं हवं. मी वास्तुकलेचा इतिहास शिकवतो. इटालियन उशिरा शिकलो, ते अजून नडतं.

या वाटेवरचं मोठं नाव रुडॉल्फ विटकोवर. जन्म बर्लिनचा, 1901 चा. उमेदीची वर्षं रोममध्ये गेली, हिटलर सत्तेवर आल्यावर लंडन गाठलं, तिथल्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये वीसेक वर्षं काढली आणि 1956 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1949 च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की पॅलाडिओ या सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुकाराच्या खोल्यांची मापं स्वरांच्या गुणोत्तरांवर, म्हणजे ते स्वर देणाऱ्या तारांच्या लांबीच्या प्रमाणांवर, बेतलेली आहेत. पॅलाडिओच्या 1570 च्या ग्रंथात व्हिला माल्कोन्तेन्ताच्या नकाशावर खोल्या 12×16, 16×16 आणि 16×24 फूट आहेत. 16 ला 24 म्हणजे 2:3, आपला सा-प. 12 ला 16 म्हणजे 3:4, सा-म. तानपुरा लावता येणाऱ्याला तर हे लगेच पटतं!

पण मग पॅलाडिओचाच व्हिला रोतोंदा बघा. तिथल्या मोठ्या खोल्या 26×15. यात कुठलाच सोपा स्वर लागत नाही. मात्र 26 भागिले 15 म्हणजे 1.733, आणि 3 चं वर्गमूळ 1.732. ब्रान्को मित्रोविच या अभ्यासकांनी यावर बोट ठेवलं: इथे संगीत नाही, समभुज त्रिकोणाची भूमिती आहे. त्याआधी 1982 मध्ये डेबोरा हॉवर्ड आणि माल्कम लाँगेअर (हे खगोलभौतिकीचे!) यांनी ग्रंथातले आकडे सरसकट तपासले होते. बरेच स्वरांत बसले, सगळे नाहीत. शिवाय छापलेला आकडा आणि उभी भिंत यांचंही नेहमी जमत नाही.

म्हणजे या कामात बुद्धीपेक्षा टेप जास्त चालते. कुठला फूट, हेही बघावं लागतं: व्हिचेन्झाचा फूट सुमारे 35.7 सेंमी, फ्लॉरेन्सचं लांबीचं माप ब्राच्चो सुमारे 58.4. विद्यार्थी असताना मी फ्लॉरेन्समधल्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या, आल्बेर्ती या रेनेसान्स वास्तुकाराने रचलेल्या दर्शनी भागात सुवर्ण गुणोत्तर (सुमारे 1:1.618) 'शोधलं' होतं, तेही झेरॉक्सवर. सरांनी एवढंच विचारलं, "पट्टी कॉर्निसच्या वरच्या कडेला लावलीस की खालच्या?" कॉर्निस म्हणजे भिंतीवरचा पुढे आलेला आडवा कंगोरा. पट्टी खालच्या कडेला लावली आणि सुवर्ण गेलं.

नोकऱ्या थोड्या आहेत, त्याही बहुतेक कलेतिहासाच्या विभागांत. त्यामुळे बी.आर्क. पूर्ण कराच, पोटाला आधार राहतो. व्हिचेन्झाला पॅलाडिओच्या नावाचं अभ्यासकेंद्र आहे, 1958 पासून. त्यांच्या अभ्यासवर्गांवर लक्ष ठेवा. पॅलाडिओची हातची रेखाटनं मात्र बहुतेक लंडनला आहेत.

तोवर एक करा. तुमची वर्गखोली मोजा, दोघांनी वेगवेगळी. आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत ते पानभर लिहून काढा.