वाचकांचे प्रश्न: मेडिकल उपकरणाचं इंजिनिअरिंग बाहेर द्यावं का?

प्रश्न: आम्ही तिघं मिळून छोट्या हॉस्पिटलांसाठी सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने शिरेत सोडणारं यंत्र) बनवतोय, दोन इंजिनिअर आणि एक भूलतज्ज्ञ. प्रोटोटाईप चालतोय. पुण्याची एक डिझाईन कंपनी म्हणते की सर्किट, फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम), बॉडी, टेस्टिंग, कागदपत्रं सगळं आम्ही करून देतो, तुम्ही फक्त विक्रीचं बघा. पैसे जास्त आहेत पण डोक्याचा ताप जाईल असं वाटतंय. देऊन टाकावं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: काम जरूर द्या, पण सगळं देऊ नका. पीसीबी (सर्किट बोर्ड) लेआऊट, फर्मवेअर, मोल्डचं म्हणजे बॉडीच्या साच्याचं डिझाईन, ईएमसी टेस्टिंग (आजूबाजूच्या विद्युतचुंबकीय लहरींचा उपकरणाला आणि उपकरणाचा इतरांना त्रास होत नाही ना ही तपासणी) ह्यासाठी प्रत्येकी एक माणूस पगारावर ठेवणं तिघांच्या कंपनीला झेपतच नाही, आणि दहा उपकरणं केलेला माणूस जे पंधरा दिवसांत करेल त्याला तुम्हाला सहा महिने लागतील, त्यामुळे त्यात कमीपणा काहीच नाही. पण दोन गोष्टी हातातून सोडू नका: पंपाने नेमकं काय करायचं ते लिहिणारा कागद, आणि काय काय चुकू शकतं त्याची रिस्क फाईल.

का ते सांगते. अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००५ ते २००९ मध्ये इन्फ्युजन पंपांबद्दल (शरीरात औषध सोडणारे पंप, सिरिंज पंपही त्यातलाच) साधारण ५६ हजार तक्रारींचे रिपोर्ट आले आणि ८७ रिकॉल झाले, म्हणजे दोषामुळे पंप परत मागवावे किंवा दुरुस्त करावे लागले. त्यात एक दोष होता की-बाऊन्सचा, म्हणजे बटण एकदाच दाबलं तरी पंप ते दोनदा दाबलं असं धरतो. नर्सने तासाला १० मिली टाकलं, शून्य दोनदा नोंदलं गेलं, पंप १०० ने चालू. फर्मवेअरवाल्याला डीबाऊन्स (एका दाबाची एकच नोंद घेणारा कोड) लिहायला पाच मिनिटं लागतात, पण नर्स ग्लोव्हज घालून घाईत बटणं दाबते, स्क्रीनकडे परत बघत नाही, म्हणून आकडा टाकल्यावर वेगळं कन्फर्म हवंच, हे तुमच्या भूलतज्ज्ञालाच माहिती आहे. ते त्यांनी लिहून दिलं नाही तर बाहेरचा माणूस कुठून आणणार? म्हणून रिस्कच्या प्रत्येक मीटिंगला डॉक्टर बसलेच पाहिजेत, ह्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही.

शिवाय जबाबदारी कायद्यानेच तुमची आहे. आपल्याकडे उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत, डी सगळ्यात धोक्याचा; सिरिंज पंप क्लास सी मध्ये येतो, १ ऑक्टोबर २०२३ पासून क्लास सी आणि डी ला लायसन्स सक्तीचं आहे, ते सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था) देतं आणि त्यावर नाव तुमच्या कंपनीचं असतं. आयएसओ १३४८५ (मेडिकल उपकरणांच्या क्वालिटीचं आंतरराष्ट्रीय मानक) सुद्धा स्पष्ट सांगतं की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी देणाऱ्याचीच, व्हेंडरबरोबर लेखी क्वालिटी ॲग्रीमेंट पाहिजे. हे डिझाईन असं का केलं असं ऑडिटरने विचारलं की उत्तर तुम्हालाच द्यायचंय. आणि हो, टेस्टिंगपुरते चार पंप बनवायचे तरी आधी टेस्ट लायसन्स लागतं, फॉर्म एमडी-१३, ते बरेच जण विसरतात.

आता करार, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला असं आपण धरून चालतो पण कॉपीराईट कायद्यात तसं नाही. बाहेरच्या कंपनीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क लेखी करून घेतला नाही तर त्यांच्याकडेच राहतो. लेखी घेतलं पण मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे पाचच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं, आणि उलट काही लिहिलेलं नसेल तर वर्षभर वापर केला नाही म्हणूनही हक्क जाऊ शकतो. उद्या केनियात पंप विकायला निघालात तर? म्हणून कायमचा, जगभरासाठी, हे शब्द करारात हवेतच, वकिलाची फी गेली तरी चालेल.

शेवटचा हप्ता एका अटीवर द्या. सोर्स कोड, गर्बर फाईल्स (सर्किट बोर्ड बनवायचे आराखडे), बीओएम (सुट्या भागांची यादी), टेस्ट रिपोर्ट हातात आले की तुमच्या इंजिनिअरने स्वतःच्या लॅपटॉपवर कोड कंपाईल करून कोऱ्या बोर्डवर चढवायचा आणि पंप चालवून दाखवायचा. नुसती झिप फाईल आली म्हणून पैसे सोडू नका, त्यात एखादी लायब्ररी हमखास गायब असते.

मोल्ड मात्र ईएमसीची प्राथमिक तपासणी झाल्याशिवाय टाकू नका. बोर्ड नापास झाला की शिल्डिंगला (लहरी अडवणाऱ्या आवरणाला) जागा लागते, बॉडी बदलते आणि मोल्डचे पैसे पाण्यात.

प्रश्न: मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, लॅबमध्ये रॅपिड टेस्ट किट तयार आहे. कारखाना नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून स्वतःच्या नावाने विकता येईल का?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: येईल, त्याला लोन लायसन्स म्हणतात, २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत सोय आहे. ज्याच्याकडे त्याच प्रकारच्या उत्पादनाचं लायसन्स आहे असा कारखाना शोधा. किट क्लास ए किंवा बी असेल तर राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) अर्ज करायचा, सी किंवा डी असेल तर सीडीएससीओकडे. पण लॅबमध्ये चाललेली स्ट्रिप कारखान्यात तशीच चालेल हे गृहीत धरू नका. नायट्रोसेल्युलोज मेम्ब्रेनचा (स्ट्रिपमधली, नमुना शोषून वर नेणारी पट्टी) लॉट बदलला की नमुना वर चढायचा वेग बदलतो, कमी संसर्गाच्या नमुन्यात रेषा फिकट पडते आणि रिपोर्ट चुकून निगेटिव्ह जातो. म्हणून वेगवेगळ्या लॉटच्या किमान तीन बॅच तिथल्याच मशीनवर काढून घ्या आणि तपासायचे नमुने तुमच्या लॅबमधून पाठवा, त्यात फिकट रेषेचे नमुने जास्त ठेवा.