आमच्या मुलीमुळे वाडीतली शाळा बंद पडेल का?

‘आम्ही मुलीला दुसऱ्या शाळेत घातलं तर वाडीतल्या शाळेचा पट आणखी खाली येईल. उद्या शाळाच बंद पडली तर बाकीच्या पोरांचं काय? आम्ही स्वार्थी ठरू का?’

मी समुपदेशक आहे, आणि एप्रिल-मे उजाडला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या पालकांकडून तर हमखास. आमच्याकडे वाड्या लांबलांब, निम्मी घरं गणपती-शिमग्यापुरती उघडणारी, कर्ती माणसं मुंबईला. शाळेत उरलेली पोरं बोटावर मोजण्याइतकी. अशा ठिकाणी कुणी आपलं मूल शाळेतून काढलं तर ते संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळतं.

देवगड तालुक्यातल्या एका जोडप्याचा अनुभव सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे चिऊ म्हणू.

चिऊचे बाबा आंबा बागायतदार. आई बी. ए. झालेली, घर आणि बागेचा हिशेब सांभाळणारी, शिवाय वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. शाळा पहिली ते चौथी, पट नऊ. त्यातली तिघं चौथीत, त्यांतलाच एक यांचा थोरला मुलगा. म्हणजे जूनमध्ये उरणार सहा. चिऊ पहिलीत जाणार होती आणि वाडीत तिच्या वयाचं दुसरं मूल नव्हतं. दरम्यान बाबांनी तालुक्याच्या गावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिची जागा धरून ठेवली होती. पैसे भरायची मुदत तोंडावर आली आणि घरात रोजची वादावादी सुरू झाली.

“पोरं याच शाळेत घाला म्हणून मी दारोदार फिरलेय,” आई सांगत होती. “आता माझीच मुलगी उचलून नेऊ? लोकांना तोंड कसं दाखवू?”

बाबांचं म्हणणं सरळ होतं. “मला पोरीच्या आयुष्यावर समाजसेवा करायची नाही. सगळे आपापलं बघतात, आम्हीच का थांबायचं?”

घरात आजोबाही होते. शाळेची पहिली खोली बांधली तेव्हा वाडीतल्या लोकांनी श्रमदान केलं होतं, त्यात ते होते. ते सुनेला म्हणाले होते, “चिरे आमी डोक्यार घेवन हाडलंव. आणि आता तुमीच तेका कुलूप घालतास?” त्या दिवसापासून तिला झोप नव्हती.

मी आधी तिच्या झोपेबद्दलच बोलले. ‘माझ्यामुळे शाळा बंद पडेल’ हे वाक्य ती इतक्या वेळा घोकत होती की ते खरं आहे का, हे तपासायचं राहूनच गेलं होतं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची टांगती तलवार आहे, हे खरं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तालयाने अशा शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या अशा शाळांचं उदाहरण पुढे ठेवलं, तेव्हापासून कोकणातल्या वाड्यावाड्यांत धाकधूक आहे. पण पट नऊवर आला तो काही चिऊमुळे नाही. वर्षानुवर्षं माणसं रोजगारासाठी बाहेर पडली, लग्न झालेली जोडपी मुंबई-पुण्याला राहिली, घरटी मुलं कमी झाली. चिऊ आत असली तर पट सात होईल, नसली तर सहा. शाळा ठेवायची की नाही हे ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यापुढे सहा आणि सातमध्ये किती फरक पडणार? हे मी तिला कागदावर लिहून दाखवलं. इतका मोठा बोजा सहा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात टाकू नका, असंही म्हटलं.

बाबा लगेच म्हणाले, “मग झालं तर. पैसे भरून टाकतो.”

ते मला मान्य नव्हतं. चिऊमुळे शाळा बंद पडत नाही याचा अर्थ तिच्या आईबाबांचं त्या शाळेशी काही देणंघेणं नाही, असा होत नाही.

इथे थोडं थांबून दुसऱ्या एका प्रकाराबद्दल सांगते, कारण पालक दोन्हींची गल्लत करतात. शिक्षण हक्क कायद्यात विनाअनुदानित खाजगी शाळांच्या प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे, आणि अर्ज जास्त आले तर सोडत निघते. कुणी बागेचं उत्पन्न लपवून दाखला काढतो, कुणी शाळेच्या जवळ राहतो हे दाखवायला खोटा भाडेकरार करतो, आणि मग माझ्यासमोर येऊन म्हणतो, ‘सगळेच करतात, मुलासाठी करावं लागतं.’ त्यांना माझं उत्तर एका शब्दाचं असतं: नको. तिथे जागा मोजक्या आहेत. तुमचं मूल खोट्या कागदावर आत गेलं की एखाद्या खलाशाचं, एखाद्या धुणीभांडी करणाऱ्या बाईचं मूल बाहेर राहिलं. तो हिशेब अगदी उघड आहे, त्यात समुपदेशकाने उलगडून सांगावं असं काही नाही. शिवाय खोटेपणा उघडकीला आला तर प्रवेश रद्द होतो, आणि वर्ग सोडून निघायची वेळ येते ती त्या लहान मुलावर.

चिऊच्या आईबाबांची गोष्ट तशी नव्हती. ते कुणाची जागा घेत नव्हते. कुठलीही शाळा निवडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांच्या जाण्याने मागे राहणाऱ्यांचं बळ कमी होणार होतं, एवढंच. पण हे ‘मागे राहणारे’ कोण, हे दोघांपैकी एकानेही नाव घेऊन सांगितलं नव्हतं. आईच्या तोंडी ‘बाकीची पोरं’ होती, बाबांच्या तोंडी ‘सगळे’.

मी विचारलं, “ती सहा मुलं कोणाची?”

आईने बोटं मोजली. दोघं सख्खे भाऊ, त्यांचे वडील मच्छीमारी बोटीवर. एक आजीजवळ राहणारा मुलगा, आईवडील मुंबईला. एक मुलगी, जिची आई गावात शिवणकाम करते. आणि दोघी बहिणी बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातल्या. कोकणातल्या आंब्याच्या बागा आज बऱ्याचशा या माणसांच्या जिवावर उभ्या आहेत, हे इथे कुणाला सांगायला नको.

“बाग कोणाची?”

“आमचीच,” बाबा म्हणाले. आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी आईला म्हटलं, ज्यांच्यावर अन्याय होईल म्हणून तुम्ही रात्र रात्र जागता, त्यांना एकदा विचारलंत का? ती गप्प झाली. समितीची अध्यक्ष म्हणून ती त्यांच्या घरी गेली होती, पण ते सही घ्यायला नाहीतर निरोप द्यायला. पुढच्या भेटीपर्यंत दोन कामं ठरली: दोघांनी मिळून त्या घरांत जाऊन यायचं, आणि दोन्ही शाळांमध्ये अर्धा अर्धा दिवस बसून यायचं. बाबांनी आंब्याचा हंगाम पुढे केला. मी अडून बसले. मुदत संपली तरी चालेल, म्हटलं, पण न बघता पैसे भरू नका.

परत आले तेव्हा बोलण्याचा सूर बदललेला होता.

राखणीच्या कुटुंबातल्या आईने त्यांना सांगितलं की चिऊ कुठे जाते याबद्दल तिला काही म्हणायचं नाही, तिला भीती वेगळीच आहे. शाळा बागेच्या कुंपणापासून जवळ आहे, मधल्या सुट्टीत मोठी मुलगी येऊन धाकट्या भावाकडे बघून जाते. ही शाळा गेली तर पुढची शाळा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, ओलांडून. पावसात मधला वहाळ (ओढा) भरतो, साकवावरून, त्या अरुंद पुलावरून, पोरींना एकट्या कशा पाठवायच्या? मग पोरी घरीच राहतील, असं ती अगदी सहज बोलून गेली. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी, आणि तशी नसेल तर वाहतुकीची सोय करणं हे सरकारचं काम. पण हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या राज्यातून नव्हे, दुसऱ्या देशातून आलेलं कुटुंब. मागायचं कुणाकडे हेच तिला ठाऊक नाही.

वाडीतल्या शाळेत बाबा सकाळभर बसले. एकाच खोलीत चारही वर्ग. गुरुजी एकाला पाढे देऊन दुसऱ्याचं शुद्धलेखन बघत होते. तिसरीतली नेपाळी मुलगी पुस्तकातला धडा मोठ्याने वाचून धाकट्यांना मालवणीत समजावत होती. “चांगलं चाललंय हो,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. शाळा वाईट आहे म्हणून मुलीला काढायचं, हे त्यांनी मनाशी धरलेलं कारण तिथेच गळून पडलं. पण आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. मधल्या सुट्टीत दोघे भाऊ एकत्र, दोघी बहिणी एकत्र. पहिलीची ओळ रिकामी. चिऊला वर्षभर आपल्या वयाचं कुणी भेटणार नाही. गुरुजी दोन असायला हवेत, साठपर्यंतच्या पटाला कायद्यानेच दोन शिक्षक सांगितलेत, पण दुसरी जागा बदलीनंतर भरलीच नव्हती.

तालुक्याच्या शाळेचंही तसंच बघून झालं. व्हॅन सकाळी पावणेसातला. पहिलीच्या वर्गातली मुलं इंग्रजीत घडाघडा म्हणत होती, अर्थ विचारला की एकमेकांकडे बघत होती. हे सगळ्या इंग्रजी शाळांबद्दल मी म्हणणार नाही, त्या एका वर्गाबद्दल सांगते आहे. पण घरात मालवणी बोलणाऱ्या मुलाला सुरुवातीची वर्षं त्याच्या भाषेत शिकू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेचाच आग्रह धरला आहे.

आईने वाटेत केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली मुख्य शाळा, हीही पाहून घेतली होती. चार किलोमीटर, जिल्हा परिषदेचीच, मराठी माध्यम, वरच्या वर्गांना सेमी इंग्रजी. पहिलीत दहा-बारा मुलं येणार होती. त्यांनी चिऊला तिथे घालायचं ठरवलं. मी त्यांना कौल दिला नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच विचारलं की हे कारण मुलीच्या गरजेचं आहे की लोकांत सांगायला बरं आहे म्हणून? बाबा म्हणाले, “तिला खेळायला कोणतरी हवं. बाकी सगळं मी आधी उगाच धरून बसलो होतो.” मला ते पटलं.

आता राहिलं देणं. ते मोठ्या माणसांचं होतं, तेव्हा मोठ्या माणसांनीच फेडायला घेतलं. चिऊसाठी रिक्षा लावली तेव्हा बाबांनी राखणीच्या कुटुंबालाही दोन जागा देऊ केल्या. त्यांनी नको म्हटलं, पोरी जवळच बऱ्या, आणि बाबांनी आग्रह केला नाही. आईने अध्यक्षपद सोडलं, कारण आता तिचं एकही मूल या शाळेत नव्हतं, आणि व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य हे शाळेतल्याच मुलांचे पालक असावे लागतात, अध्यक्षही त्यांच्यातूनच निवडतात. पण उरलेल्या सदस्यांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञाची एक जागा असते. पालकांच्या बैठकीत तिने उभं राहून आपली मुलगी केंद्रशाळेत का जाते आहे ते स्वतःच सांगितलं. एकीने तोंडावर विचारलं, “मग आता तुका आमची काळजी कित्याक?” तिने उत्तर दिलं नाही, दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीचा अर्ज पुढे ठेवला. शेवटी समितीतल्या शिक्षणतज्ज्ञाच्या जागेवर तिचं नाव घालायचं पालकांनीच ठरवलं. वाडीत बोललं गेलंच, अजूनही जातं. ते सोसायची तयारी आहे का, हे मी तिला आधीच विचारून ठेवलं होतं.

शिक्षकाची दुसरी जागा अजून कायमची भरलेली नाही. तात्पुरती व्यवस्था म्हणून शेजारच्या शाळेतले शिक्षक आठवड्यातले काही दिवस येतात. अर्जाचा पाठपुरावा चालू आहे, आणि पंचायत समितीत खेपा घालताना बाबा बरोबर जातात. आजोबांचा राग गेलेला नाही. त्यांनी मन वळवून घ्यावं अशी माझी अपेक्षाही नाही, ज्या शाळेसाठी त्यांनी घाम गाळला तिच्याबद्दल वाईट वाटणं अगदी रास्त आहे. मी सुनेला एवढंच सांगितलं की त्यांना समजावत बसू नका, अर्ज घेऊन जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. एका खेपेला ते गेलेसुद्धा.

चिऊचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड होता. शाळा सुरू व्हायच्या आधी तिने विचारलं, “ती माझ्याबरोबर रिक्षेत का नाही येत?” ती म्हणजे राखणीच्या घरातली धाकटी, चिऊची मैत्रीण. अशा वेळी बरेच पालक ‘ती शाळा चांगली नाही, तुझी चांगली आहे’ असं सांगून मोकळे होतात. तसं सांगू नका. मूल ते जसंच्या तसं मैत्रिणीला जाऊन सांगतं. चिऊच्या आईने सांगितलं, “तुझ्या वर्गात इथे कोणी नाही म्हणून तू तिकडे जातेस. तिला घराजवळच राहायचंय म्हणून ती इथे जाते. संध्याकाळी दोघी खेळा.” चिऊचं त्याने पूर्ण समाधान झालं नाही. ती अधूनमधून पुन्हा विचारते, आणि दर वेळी आई हेच उत्तर देते.