‘सांप्रदायिक’ ऐकून कान किटले

नागपूरच्या सदर भागातल्या एका वाचकाचा प्रश्न: कॅथलिक लोक बायबलच्या जोडीला जी ‘ट्रॅडिशन’ प्रमाण मानतात, तिला मराठीत रूढी म्हणावं की परंपरा?

दोन्ही नकोत. संप्रदाय म्हणा. ‘तो तर दंगलीच्या बातम्यांतला शब्द’ असं लगेच म्हणू नका. हिंदीच्या शेजारामुळे नागपुरात ‘सांप्रदायिक तणाव’ इतका कानावर आदळतो की मराठी घरातली मुलंही संप्रदाय म्हणजे भांडखोर टोळी समजतात. वारकरी संप्रदाय कुठली दंगल करायला पंढरपूरला जातो?

रूढी ‘रुह्’ धातूची. ती गवतासारखी आपोआप उगवते, तिला देणारा नसतो. परंपरा म्हणजे एकामागून एक; त्यात नुसती रांग कळते. संप्रदायात मात्र सम्, प्र आणि ‘दा’ आहेत: नीट हाती सोपवणं. आता ग्रीक शब्द बघा, पारादोसिस. लॅटिन, त्रादितिओ. दोन्हींचा अर्थ हाती देणं, आणि दोन्हींतला ‘देणे’ हा धातू आपल्या ‘दा’चा सख्खा भाऊ! अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘आम्नायः संप्रदायः’ असं स्वच्छ दिलंय, आणि आम्नाय म्हणजे मुखानं जपलेलं. तरी काही कोशकार ‘पंथ’ एवढाच अर्थ देऊन मोकळे होतात. त्यांनी अमर उघडला नसावा.

खरी मौज पुढे आहे. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (11:23) येशूचा प्रेषित पौल सांगतो की प्रभूकडून जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं. आणि त्याच वाक्यात, येशूला ज्या रात्री धरून देण्यात आलं त्या रात्रीचा उल्लेख येतो. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच. पुढे 303 साली रोमन सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. तेव्हा ज्यांनी पवित्र ग्रंथ सरकारी माणसांच्या हवाली केले, त्यांना ‘त्रादितोर’ ही शिवी चिकटली. इंग्रजी ट्रेटर याच कुळातला. शिकवण दिली तर संप्रदाय, पोथी दिली तर फितुरी!

बायबल एकटं पुरे की जोडीला संप्रदायही हवा, या वादाचं म्हणाल तर दोन्ही पक्ष हाच शब्द पुढे करतात. मार्क 7:8 मध्ये येशू माणसांच्या पारादोसिसवर तुटून पडतो. ल्यूथरच्या बाजूचे, म्हणजे प्रॉटेस्टंट, ते दाखवतात. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (2:15) पौल तोंडी किंवा पत्रानं शिकवलेलं पारादोसिस घट्ट धरा म्हणतो. ते कॅथलिक दाखवतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं 8 एप्रिल 1546 रोजी लिखित ग्रंथ आणि अलिखित संप्रदाय यांना सारखाच आदर दिला. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं दोन्ही एकाच झऱ्यातले म्हटलं.

नागपूरला तर या भांडणाचे दोन्ही वारस नांदतात. हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे तो स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा, म्हणजे प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या वळणाचा. कॅथलिक कॅथेड्रल सेंट फ्रान्सिस दि सेल्सच्या नावाचं. त्यानं 1594 पासून जिनिव्हाजवळच्या शाब्ले प्रांतात कॅल्व्हिनवाद्यांशी याही मुद्द्यावर वाद घातला. लोक प्रवचनाला फिरकेनात, म्हणून पठ्ठ्यानं पत्रकं लिहून दारांखालून सरकवली. तोंडी संप्रदायाचा वकील, आणि भिस्त लेखणीवर!

तुम्ही ‘प्रेषितांचा संप्रदाय’ लिहा. शास्त्र (म्हणजे बायबल) वरचढ की संप्रदाय, ते फादर आणि पाळक बघून घेतील.