बंध तुटताना ऊर्जा सुटत नाही

इंधनांचं रसायनशास्त्र शिकायला घेतलंयस, तर एक गैरसमज आधी काढून टाक. मिथेनचे (नैसर्गिक वायूतला मुख्य घटक) बंध, म्हणजे अणूंना जोडून ठेवणारे दुवे, तुटतात म्हणून उष्णता मिळते, असं नाही. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. नवे जुळताना ती बाहेर पडते. वहीत हिशेब मांडून बघ. एक मोल (रेणू मोजायचं ठरावीक माप) मिथेन, म्हणजे १६ ग्रॅम, आणि दोन मोल ऑक्सिजनचे बंध तोडायला साधारण २६४८ किलोज्यूल लागतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होताना सुमारे ३४५० मिळतात. हाती उरतात ८०२. पुस्तकात ८९० दिसलं तर गोंधळू नकोस, तिथे वाफेचं पाणी झालेलं धरलंय, आणि तसं होतानाही उष्णता सुटते. हा फरक मला फार उशिरा उमगला. वजनंही मांड: १६ ग्रॅम मिथेन जळून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, ऑक्सिजन हवेतला ना! कोळसा नंतर घे. त्याला एकच ठरावीक सूत्र नसतं.