पर्यावरण अहवाल असताना हवामानाचं वेगळं मूल्यांकन कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे की रस्ते, पूल, बंदरं या सरकारी कामांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागतेच, मग हवामान बदलाचं मूल्यांकन सक्तीचं करून नवीन काय मिळणार?

मुळात मंजुरी सगळ्यांना लागत नाही. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीतच, आणि राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपर्यंतचं असेल तर तेही सुटतं. जिथे अहवाल होतो तिथेही भर धूळ, आवाज, झाडं आणि राडारोडा यांवर. प्रकल्पामुळे हवेत किती कार्बन जाणार आणि बदललेल्या पावसात प्रकल्प टिकणार का, हे दोन्ही प्रश्न बहुधा बाजूलाच राहतात.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मी दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालीन. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिमी पाऊस धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस आणखी वाढणार.

हिशोब एका मोरीवर, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या छोट्या पुलावर, करून बघा. २०० हेक्टरचं पाणलोट, ताशी ६० मिमी पाऊस, आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून येतं असं धरा: ०.६ × ६० × २०० ÷ ३६० (हा भागाकार एककं जुळवण्यासाठी) म्हणजे सेकंदाला २० घनमीटर. पावसाची तीव्रता २० टक्क्यांनी वाढवली तर २४. रस्ता झाल्यावर वरच्या अंगाला प्लॉटिंग होतं, डोंगर उघडे पडतात; वाहून येणारा वाटा ७५ टक्क्यांवर गेला की आकडा थेट ३०. म्हणजे मोरी दीडपट पाण्यासाठी हवी. ती लहान राहिली तर भराव बांधासारखा पाणी अडवतो, वरचं गाव बुडतं, आणि पाणी भरावावरून वाहू लागलं की खालच्या अंगाचा उतार कापला जाऊन रस्ताच वाहून जातो. आखणी करताना मोरीचा गाळा वाढवायला फार खर्च येत नाही. चालू रस्ता फोडून तेच करणं महाग आणि त्रासाचं.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) पक्का झाल्यावर केलेलं मूल्यांकन म्हणजे निव्वळ कागद. ते आखणीचे पर्याय खुले असतानाच व्हायला हवं आणि त्यातली प्रत्येक शिफारस निविदेच्या परिमाणपत्रकात (कामांची व मापांची यादी) बाब म्हणून उतरायला हवी. परिमाणपत्रकात नसलेल्या बाबीचे पैसे मिळत नाहीत, आणि पैसे नाहीत तर कंत्राटदार ती करत नाही.

कार्बनच्या बाजूला सगळ्यात मोठे आकडे सिमेंट, पोलाद आणि पुढची वाहतूक यांचे. १०,००० घनमीटर काँक्रीट, घनमीटरला ४०० किलो सिमेंट, म्हणजे ४,००० टन. साध्या सिमेंटच्या टनामागे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर ३,४०० टन. निम्म्या सिमेंटऐवजी पोलाद कारखान्यातली दळलेली स्लॅग (भट्टीतली मळी) वापरली तर हे जवळपास अर्ध्यावर येतं, शिवाय खाऱ्या हवेत सळ्या जास्त टिकतात. अडचण अशी की सुरुवातीची ताकद सावकाश येते. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) सातऐवजी किमान दहा दिवस, कोरड्या उन्हाळ्यात चौदा. शटरिंग (काँक्रीटचा साचा) काढायचं वेळापत्रक आधीच तसं आखलं नाही तर घाईत साइटवर पुन्हा साधं सिमेंट येतं.

खारफुटीत नुसती झाडं मोजणं ही मोठी चूक. तिथला बराचसा कार्बन खालच्या चिखलात असतो. भरावाने भरतीचं पाणी तोडलं की चिखल सुकतो आणि तो कार्बन हवेत जातो, झाड उभं असलं तरी.

अहवालात दोन युक्त्या हमखास दिसतात. पहिली, प्रकल्पाच्या उत्सर्जनाला देशाच्या एकूण उत्सर्जनाने भागून ‘नगण्य’ लिहायचं. असं भागलं तर कुठलाच प्रकल्प मोठा ठरणार नाही. दुसरी, ‘कोंडी फुटल्याने इंधन वाचेल’ असं सांगताना नव्या रस्त्यामुळे वाढणारी वाहनं गाळायची. युरोपीय संघाच्या २०२१ च्या मार्गदर्शनात यावर ठोस उंबरठा आहे: वर्षाला २०,००० टनांहून जास्त उत्सर्जन किंवा प्रकल्प न करण्याच्या तुलनेत तेवढा फरक असेल तर सविस्तर हिशोब करायचाच. आपल्याकडेही असा स्पष्ट आकडा हवा.

तुमच्या भागातल्या प्रकल्पाला जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी नोटीस निघते आणि अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. हरकत लेखी द्या, पोच घ्या. विचारा: पावसाची आकडेवारी कुठल्या केंद्राची, कोणत्या वर्षापर्यंतची? प्रत्येक मोरीचा विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) किती धरला? भविष्यातल्या पावसासाठी किती वाढ घेतली? वाहनवाढीचं गृहीतक काय? अंतिम अहवालात हरकतींची दखल घ्यावीच लागते. शेवटी मार्च २०२४ च्या एम. के. रणजितसिंह निकालाचा उल्लेख करा. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने त्यात कलम १४ आणि २१ खाली मान्य केला आहे.