वांग्यात फवारणी, खत आणि खुरपणीचा खर्च कसा कमी करावा?

दर चार दिवसांनी फवारूनही वांगी किडकी निघतात, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही, कारण याच गोष्टीवरून माझी आणि थोरल्या भावाची कायम जुंपते.

दादाचं म्हणणं, शेंडा आणि फळ पोखरणारी अळी दिसली की औषध बदला, डोस वाढवा, दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवा. अहो, पण औषध अळीपर्यंत पोचतंय कुठे? मान टाकलेला शेंडा मोडून उभा चिरून बघा. बारीक छिद्राच्या तोंडाशी विष्ठेचा बूच असतो आणि आत गुलाबीसर अळी पोखरत असते. अंड्यातून निघाल्यावर काही तासांत ती आत शिरते.

शेवटी एका हंगामात आम्ही प्लॉट वाटून घेतला. दादाकडे पंप, माझ्याकडे कात्री आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे. मी सुकलेले शेंडे अळीच्या खालपर्यंत छाटून गोणीत भरायचो आणि जाळायचो. बांधावर टाकले तर अळी बाहेर येऊन पाचोळ्यात कोष करते आणि पतंग पुन्हा तुमच्याच वांग्यांवर येतो. ‘झाड बोडकं केलंस’ म्हणून दादा ओरडला, पण छाटलेल्या जागेखालून जोमदार फुटवे आले. तोड्याला किडकी वांगी माझ्याकडेच कमी होती. त्याच्याकडे शिवाय लाल कोळी ही रस शोषणारी कीड वाढली, कारण त्याने फवारलेल्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाने कोळी खाणाऱ्या मित्रकिडीच मेल्या. दादा अजूनही म्हणतो, तुझ्या बाजूची जमीन चांगली. मधे एक पाट होता फक्त!

खताचंही तेच. जास्त युरियाने शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा-तुडतुड्यांचं फावतं. डीएपी खतामध्ये 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असतं. ते दर लागवडीला सवयीने टाकत राहिलात की स्फुरद जमिनीत साचतं आणि पिकाला जस्त उचलता येत नाही. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं तर डीएपी सरळ बंद करा, नत्र हप्त्याहप्त्याने द्या. दादाला हे पटत नाही, तुम्हाला तरी पटावं.

आता हेही सांगतो, शेजारी जुना वांग्याचा प्लॉट उभा असेल तर एकट्याच्या छाटणीने भागत नाही, त्यांनाही सोबत घ्या. सापळ्यात फक्त नर अडकतात, नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. किडकी फळंही तोडून नष्ट करा. फवारणी अजिबात करू नका असं नाही, पण औषधाचा गट बदलून आणि लेबलवरच्या प्रमाणातच करा.

खुरपणी मल्चिंग पेपरने, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकने, बरीच वाचते. मात्र लव्हाळा हे जमिनीत गाठी धरणारं तण असेल तर तो पेपर फोडून वर येतो, त्यामुळे आधी उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी वेचून घ्या.