दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चामुळे इंग्रजांना भारत सोडावा लागला, हे कितपत खरं आहे?

बरंचसं खरं आहे, पण तुम्ही विचारलंय तितकं सरळ नाही. युद्धाने कंगाल तर फ्रान्स आणि हॉलंडही झाले होते, तरी ते इंडोचायना आणि इंडोनेशियात पुढे कित्येक वर्षं लढत राहिले. म्हणजे नुसती रिकामी तिजोरी हे कारण पुरत नाही. माझ्या मते खरी गोष्ट अशी की इंग्रजांचं इथलं राज्य मुळात इथल्याच पैशावर आणि इथल्याच माणसांच्या जिवावर चालत होतं. युद्धाने हे दोन्ही आधार काढून घेतले.

पैशाचं आधी बघू, कारण त्यात खरी गंमत आहे. १९३९ च्या अखेरीस लंडन आणि दिल्ली यांच्यात खर्चाच्या वाटणीचा करार झाला. हिंदुस्थानच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने उचलायचा. पण हिंदी फौज समुद्रापार लढायला गेली, किंवा इथला माल ब्रिटिश सैन्यासाठी घेतला, तर त्याचे पैसे ब्रिटनने द्यायचे. कागदावर अगदी रास्त. फक्त ब्रिटनकडे बदल्यात द्यायला ना माल होता, ना सोनं. मग रिझर्व्ह बँकेच्या लंडनमधल्या खात्यावर पौंड जमा होत गेले, ज्यांतून युद्ध चालू असेपर्यंत फारसं काही विकत घेणं शक्य नव्हतं. आणि त्याच पौंडांच्या तारणावर बँकेने इथे नोटा छापल्या. कापड, ज्यूट, बूट, तंबू, धान्य देशातून जात होतं आणि देशात कागद वाढत होता.

युद्धाआधी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. १९४५ पर्यंत हा आकडा १,१०० कोटींच्या पुढे गेला. भाव दुपटीहून जास्त चढले. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४३ मध्ये तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला. (घरात जुन्या नाण्यांची पिशवी असेल तर बघा, तो हमखास सापडतो.) मुंबईत रेशनिंग सुरू झालं. बंगालमध्ये तर कहर झाला. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतल्या, त्यात चक्रीवादळ आणि साठेबाजी. भाव शेतमजुराच्या आवाक्याबाहेर गेले आणि २० ते ३० लाख माणसं मेली. त्यानंतर मायबाप सरकार म्हणवून घ्यायला त्या सरकारला तोंड उरलं नाही.

महागाईचा दुसरा परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बांधलेल्या पगारावर जगणारा माणूस तिच्यात सगळ्यात आधी भरडला जातो, आणि इंग्रजांचं राज्य अशाच माणसांवर उभं होतं: कारकून, पोलीस, पोस्टमन, खलाशी. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर उठाव झाला, त्याची सुरुवात निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांवरून झाली. जुलैत टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला. १९४२ चं आंदोलन सरकारने सैन्य वापरून चिरडलं होतं. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले आणि हा नाविकांचा उठाव पाहिल्यावर पुढच्या वेळी तेच सैन्य गोळी चालवेल, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. गोरं सैन्य आणायचं म्हटलं, तर घरी परतायला आसुसलेले सैनिक आणि त्यांचा खर्च, दोन्ही लंडनला झेपण्यासारखं नव्हतं.

दरम्यान खातेवही पार उलटी झाली होती. युद्धाआधी हिंदुस्थान लंडनचा देणेकरी होता. व्याज आणि पेन्शनपोटी दरवर्षी पैसा तिकडे जायचा. युद्ध संपलं तेव्हा जुनं कर्ज जवळजवळ फिटलं होतं आणि उलट ब्रिटनच आपलं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. चर्चिलला ही रक्कम फार खुपत होती. आम्ही तुमचं रक्षण केलं, त्याचं बिल यातून वळतं करा, असा त्याचा सूर होता. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेने उधारीवरची मदत थांबवली आणि ब्रिटनला तिच्याकडूनच ३७५ कोटी डॉलरचं नवं कर्ज मागावं लागलं.

१९४७ च्या फेब्रुवारीतला एकच आठवडा पाहा. ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी, कोळशाची टंचाई, कारखाने बंद. १८ तारखेला पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवत असल्याचं जाहीर झालं. २० तारखेला ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत भारताची सत्ता सोडण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी ग्रीस आणि तुर्कस्तानला यापुढे आम्ही मदत करू शकत नाही, असं अमेरिकेला कळवण्यात आलं.

त्या १३० कोटी पौंडांचं काय झालं, हाही प्रश्न ओघाने येतोच. स्वातंत्र्यानंतर वाटाघाटी होऊन ते हप्त्याहप्त्याने मोकळे झाले. काही धान्य आणि यंत्रसामग्रीच्या आयातीत गेले. आणि १९४८ च्या करारात त्यातलीच एक मोठी रक्कम आपण निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनपोटी ब्रिटनला परत दिली.